रविवार कारंजाजवळचे चित्रसाहित्याचे दुकान

नाशिकच्या एका महाविद्यालयात २१ वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यानंतर मी दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तेव्हापासून पूर्ण वेळ मिश्र माध्यमांत अमूर्त चित्रे करते आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण या दुकानाविषयीचे माझे मत कलामहाविद्यालयातून बाहेर पडलेल्या चित्रकाराचे नाही. उशिरा सुरुवात केलेल्या, हात अजून बसलेला नसलेल्या, पण लेबल वाचल्याशिवाय कोणतीही बाटली न उघडणाऱ्या बाईचे आहे.

नाशिक हे जलरंगांचे गाव. ज्याने गोदाघाट रंगवला नाही असा चित्रकार येथे शोधावा लागेल. त्यामुळे चांगला कागद आणि जलरंग शहरात अनेक ठिकाणी मिळतात. परंतु जेसो (रंगवण्याआधी पृष्ठभागावर द्यायचा पांढरा अस्तर-लेप), मॅट मीडियम (रंगात मिसळायचे किंवा कागद चिकटवायचे, वाळल्यावर चमक न येणारे अॅक्रिलिक द्रव) किंवा टेक्स्चर पेस्ट (उठाव आणणारा जाड लेप) मागितली की बहुतेक दुकानदार शालेय हस्तकलेच्या कपाटाकडे बोट दाखवतात. या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या काकांनी रंग दाखवण्याआधी ‘पृष्ठभाग कोणता आणि त्यावर काय काय चिकटवणार आहात?’ असे विचारले. एवढ्या एका प्रश्नावरून मी या दुकानाची कायमची गिऱ्हाईक झाले.

माझ्या कामात जुन्या, पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांचे कागद, येवल्याच्या पैठणीच्या मागावरून उरलेले रेशमी धागे आणि जुन्या नाशकातल्या तांबट कारागिरांकडून मिळणारा तांब्याचा पातळ कीस असतो. हा कीस मी थेट अॅक्रिलिक मीडियममध्ये बसवत असे आणि काही आठवड्यांत त्याच्या कडेने हिरवट-निळी झाक उतरे. पावसाळ्याला दोष देऊन मी स्वस्थ होते. काकांना तुकडा दाखवला तेव्हा ते सहज म्हणाले, ‘मॅडम, मीडियमची बाटली उघडल्यावर जो उग्र वास येतो ना, तोच तांबे खातो.’ तो वास अमोनियाचा. अॅक्रिलिक इमल्शन स्थिर राहावे म्हणून त्यात बहुधा थोडा अमोनिया घालतात, आणि तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात जास्तीचा अमोनिया टाकला की गडद निळा रंग येतो, हे प्रात्यक्षिक मी वर्षानुवर्षे परीक्षानळीत करून दाखवले होते. परीक्षानळीतले ज्ञान कॅनव्हासपर्यंत पोहोचायला मधे एक दुकानदार लागला, याची मला थोडी लाजही वाटली. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे आता मी किसाला आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा, म्हणजे फ्रेंच पॉलिशसाठी वापरतात त्याच लाखेचा, पातळ हात देते, तो पूर्ण वाळू देते आणि मगच चिकटवते. गेल्या पावसाळ्यात एकही तुकडा हिरवा पडला नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे येथे ट्यूब हातात घेऊन तिची मागची बाजू निवांत वाचता येते. ज्यांना चित्र विकायचे आहे त्यांनी रंगाच्या नावापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक पाहावा. अल्ट्रामरीनवर ‘पी. बी. २९’ असले तर तो उजेडात टिकतो. पारंपरिक अलिझरिन क्रिमझन, म्हणजे ‘पी. आर. ८३’, कितीही देखणा असला तरी उजेडात फिका पडत जातो. कॅडमियमच्या नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेले असेल तर आत सहसा कॅडमियम नसते, फक्त तशी छटा असते. हे न विचारता सांगणारा दुकानदार मला नाशकात दुसरा भेटलेला नाही. वर्तमानपत्राच्या कोलाजसाठी मी सुतारकामाचा पांढरा गोंद मागितला तेव्हाही त्यांनी तो दिला नाही. वर्तमानपत्राचा कागद त्यातल्या लिग्निनमुळे, म्हणजे लाकडातून येणाऱ्या घटकामुळे, पिवळा पडणारच, निदान चिकटवायला तरी मॅट मीडियम वापरा, असे म्हणून त्यांनी छोटी बाटली पुढे केली. मोठी बाटली खपवता आली असती.

मोठे रोलर मात्र येथे मिळत नाहीत. ते मी घररंगाच्या दुकानातून आणते. रोलरचे वेड मला अमूर्त शैलीचे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांमुळे लागले. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि काढून घेत, आणि आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणत्याही वस्तूचे चित्रण नसलेले, म्हणणे पसंत करत. काकांना मात्र गायतोंडे फारसे रुचत नाहीत, आणि ते तसे स्पष्ट सांगतात.

उणिवा आहेत. टेक्स्चर पेस्टचा मोठा डबा दर दोन खेपांतून एकदा तरी संपलेला असतो. लिननचा कॅनव्हास मागवावा लागतो आणि तो कधी येईल याचा नक्की दिवस मिळत नाही. तयार ताणलेल्या कॅनव्हासची चौकट मोठ्या आकारात तिरकी निघते, म्हणून तीन फुटांपुढचा कॅनव्हास घेताना दोन्ही कर्ण मोजूनच घ्यावा. मी एकदा न मोजता आणला आणि भिंतीवर लावल्यावर चूक दिसली. बदलून दिला, पण तो परत नेणे माझ्याकडेच आले. दर छापील किमतीचेच असतात, घासाघीस चालत नाही.

गाडी लावायला जागा मुळीच नाही. रिक्षाने जावे, सकाळी लवकर जावे आणि मोठा कॅनव्हास घ्यायचा असेल तर सोबत कोणाला तरी न्यावे.