डनेट पॅरिश आणि स्कॉटलंडची लिस्टेड इमारतींची यादी: नोंद कशी वाचायची

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं जुनं दगडी घर विकायला निघालं की एजंटच्या पत्रकात 'कॅटेगरी सी लिस्टेड' असे तीन शब्द सापडतात, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित इमारतींच्या यादीतली, ए-बी-सीपैकी शेवटच्या वर्गातली इमारत. त्या शब्दांचा पुरता अर्थ पत्रकात कधीच नसतो. तो हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी वारसा संस्थेच्या पोर्टलवर शोधावा लागतो. पोर्टल मोफत आहे आणि कुठेही खातं उघडावं लागत नाही. घर घेण्याआधी पाहावं असं याच्या तोडीचं दुसरं साधन नाही, मात्र वाचायची रीत माहीत नसेल तर तेच महागात पडतं.

नमुन्यासाठी डनेट हा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेला जुना विभाग, घेऊ. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडच्या केथनेस भागातला हा पॅरिश हायलँड कौन्सिलच्या हद्दीत येतो. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक, डनेट हेड, इथेच आहे. त्या कड्यावरचं दीपगृह रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८३१ मध्ये उभारलं. गावातल्या पांढऱ्या चर्चमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला टिमथी पाँट हे धर्मोपदेशक होते. स्कॉटलंडचे पहिले तपशीलवार नकाशे त्यांच्याच हातचे. बाकी सगळी विखुरलेली शेतघरं, गोठे, फरशीच्या भिंती आणि वारा.

शोध सोपा आहे. प्रगत शोधात प्रकार 'लिस्टेड बिल्डिंग', कौन्सिल 'हायलँड' आणि पॅरिश 'डनेट' निवडा. गावावरून शोधू नका, कारण पत्त्यात गावाचं नाव असेलच असं नाही. पॅरिशला १९३० पासून कारभारात काही स्थान उरलेलं नाही, पण यादी आजही त्याच चौकटीवर लावलेली आहे. जी शहरं पूर्वी बर्ग, म्हणजे स्वतःचा कारभार असलेली शहरं, होती, त्यांच्या नोंदी पॅरिशखाली न येता बर्गच्या नावाखाली येतात. थर्सोसारख्या ठिकाणी म्हणून दोन्हीकडे पाहावं लागतं. डनेटमध्ये ती भानगड नाही.

आता नोंद उघडा. सातबाऱ्यावर जसा गट नंबर आधी पाहतात, तशी इथे पहिली नजर नाव-पत्त्याच्या ओळीवर जायला हवी. कायद्याने बांधील आहे ती एवढीच ओळ. तिच्यात 'कुंपणाच्या भिंतीसह' किंवा 'अमुक भाग वगळून' असं असेल तर ते शब्दशः लागू होतं. खालचं वर्णन माहितीपुरतं असतं आणि नेमकी तिथेच बहुतेकांची फसगत होते. वर्णनात जिन्याचा उल्लेख नाही, म्हणजे जिना काढायला हरकत नाही, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात ए, बी, सी यांपैकी कुठलाही वर्ग असो, त्या ओळीत वगळलेलं नसेल ते बाहेरचं आणि आतलं सगळं संरक्षित असतं. इमारतीला जोडलेल्या वस्तू त्यात येतात. आवारातलं १ जुलै १९४८ पूर्वीचं बांधकामही, नोंदीत नसलं तरी, बहुधा त्यात धरलं जातं. मागचा पडका गोठा पाडण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मुंबईच्या हेरिटेज श्रेणींची सवय असलेल्यांनी इथे विशेष जपावं. तिकडे तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल सहसा मान्य होतात. स्कॉटलंडच्या सी वर्गात तशी मोकळीक नाही. वर्ग महत्त्व सांगतो, संरक्षणाची व्याप्ती सांगत नाही. परवानगीशिवाय इमारतीचं स्वरूप बदलणारं काम करणं हा गुन्हा आहे.

पोर्टलची खरी उणीव जुन्या नोंदींत आहे. देशभरात सुमारे ४७ हजार नोंदी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा काही दशकांपूर्वीच्या. त्यांची भाषा पूर्वीच्या तार-संदेशासारखी तुटक असते: एकमजली, तीन खणांची, हार्ल केलेली, स्लेटचं छप्पर. हार्ल म्हणजे थापीने भिंतीवर फेकून मारलेला खडीमिश्रित चुन्याचा गिलावा. बारीक खडे मिसळल्यामुळे पृष्ठभाग खरबरीत राहतो आणि पाणी लवकर सुकतं. नोंदीतलं स्लेट आज जागेवर असेलच असं नाही, म्हणून नोंद शेवटची कधी सुधारली त्या तारखेकडे पाहून किती विश्वास ठेवायचा ते ठरवावं. चर्चबाबत ही तारीख फारच महत्त्वाची आहे. उपासनेसाठी वापरात असलेल्या चर्चला लिस्टेड परवानगीच्या नियमांतून बरीच सूट असते आणि नोंदीत तसं लिहिलेलं असतं. चर्च विकलं गेलं की सूट संपते, नोंदीतलं वाक्य मात्र बरेचदा तसंच राहतं. चर्च ऑफ स्कॉटलंड अलीकडे अनेक इमारती विकत आहे, त्यामुळे हा धोका पुस्तकी नाही.

नकाशावरचं चिन्ह इमारतीचं ठिकाण दाखवतं, हद्द दाखवत नाही. हद्दीबद्दल शंका असेल तर कौन्सिलच्या नियोजन विभागाला लेखी विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे संरक्षित प्राचीन स्मारकंही, याच पोर्टलवर दिसतात, पण त्यांची परवानगी थेट हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड देतं. लिस्टेड इमारतीची परवानगी कौन्सिलकडून मिळते. चुकीच्या दारात अर्ज दिला की आठवडे फुकट जातात. नियोजन परवानगी लागत असेल तर ती वेगळी घ्यावी लागते, एकात दुसरी येत नाही. मिळालेल्या लिस्टेड परवानगीवर सहसा तीन वर्षांत काम सुरू करावं लागतं.

दुरुस्ती कशी करायची याबद्दल नोंद गप्प असते. ती कसर याच संस्थेच्या 'इन्फॉर्म' मार्गदर्शिका भरून काढतात. छोट्या, मोफत आणि कामाच्या. केथनेसच्या घरांसाठी चुना आणि ओल यांवरच्या मार्गदर्शिका आधी वाचाव्यात, कारण इथलं दुखणं तिथेच असतं. इथली फरशी आपल्या शहाबादीसारखी थरांची, पण घट्ट. पाणी दगडातून फारसं शिरत नाही, दर्जांतून म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून शिरतं. दर्जा सिमेंटने भरल्या की सिमेंट आणि दगड यांच्यामध्ये केसाएवढ्या फटी पडतात. पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीवरून आडवा येणारा पाऊस त्या फटींतून आत जातो आणि सिमेंटमुळे बाहेर पडू शकत नाही. पाण्यासोबत समुद्राचं मीठही येतं. भिंत सुकताना त्याचे स्फटिक धरतात आणि आतला गिलावा सुटून पडतो. मग कोणी आतून ओलप्रतिबंधक रंग मारतं आणि ओल आणखी वर चढते.

उपाय कष्टाचा आहे, पण ठाऊक असलेला. सिमेंट हातछिन्नीने काढायचं, ग्राइंडर वापरायचा नाही, कारण त्याने दगडाच्या कडा कापल्या जातात. दर्ज तिच्या रुंदीच्या निदान दुपटीइतकी खोल मोकळी करायची, पाणी मारायचं आणि चुन्याने भरायची. अशा उघड्या जागी नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना ३.५ या प्रतीचा, एकास अडीच भाग धारदार, म्हणजे कोनदार कणांची वाळू, हे प्रमाण साधारणपणे चालतं. भिंतीतला जुना मसाला तपासून ते पक्कं करावं. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवायचं, म्हणजे इथे एप्रिल अखेर ते सप्टेंबर एवढाच हंगाम मिळतो. ताजं काम ओल्या गोणपाटाखाली निदान आठवडाभर झाकून ठेवायचं. घाईत वाळलेला चुना पहिल्याच हिवाळ्यात पावडर होऊन गळतो, आणि दोष चुन्यावर येतो.

वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या बदलून प्लास्टिकच्या बसवायला परवानगी मिळणं कठीण. वारारोधक पट्ट्या आणि आतून दुसरी काच, हा मार्ग स्वस्त आणि सहसा मान्य होणारा. खर्च मांडताना दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट धरा. परवानगीने केलेल्या फेरफारांवरची जुनी शून्य टक्के सवलत ऑक्टोबर २०१२ पासून बंद आहे.

यादी म्हणून हे पोर्टल उत्तम आहे: मोफत, पूर्ण, दुवा थेट वकिलाला पाठवता येण्याजोगा. इमारतीची आजची अवस्था मात्र त्यातून कळणार नाही. त्यासाठी चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेला सर्व्हेअर पावसाच्या दिवशी घरी न्यावा. ओल कुठून शिरते ते तेव्हाच दिसतं.