नळीच्या आतलं पॉलिश: होनिंग की चुंबक?

शिरोली एमआयडीसीत शेड असलेला माझा भाचा आठवडाभर याच विचारात आहे. त्याला म्हटलं, आधी आकार बघ. बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, अंडाकृती असेल तर होनिंगचे, म्हणजे आत फिरवून घासायच्या हत्याराचे, दगडच तो गोल करतात.

चुंबकाचं तसं नाही. लोखंडाची भुकटी आणि अ‍ॅल्युमिना (घासणारी कठीण पूड) नळीत टाकायचं, बाहेरून निओडिमियम चुंबक लावायचे. कणांचा मऊ ब्रश बनतो. नळी किंवा चुंबक फिरवले की तो आतून घासतो. जेमतेम काही मायक्रॉन निघतात, म्हणून खोल ओरखडे राहतातच. पण ३०४ स्टेनलेसच्या (ज्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही) वाकवलेल्या नळीत, जिथे होनिंगचं हत्यार शिरत नाही, तिथे हा ब्रश वळणातूनही जातो. मला हे फार मोलाचं वाटतं. साध्या पोलादाच्या जाड नळीत मात्र चुंबकाचा जोर भिंतीतच मुरतो.

खर्चाचं म्हणशील तर चुंबकाची जुळणी जुन्या लेथवरही होते; भुकटी मात्र बोथट होते, बदलावी लागते, आणि नंतर नळी कसून धुवावी लागते.

हायड्रॉलिक सिलिंडर, इंजिनाचे लायनर (सिलिंडरची आतली बाही) असतील तर होनिंगच कर, त्याने उमटणाऱ्या जाळीदार रेघा तेल धरतात. दुधाच्या, औषधांच्या स्टेनलेस नळ्या आरशासारख्या हव्या असतील तर चुंबक घे.