जे ठेवायचे ते आधी: राजारामपुरीतील एका गृहसजावट सेवेचा अनुभव

साने गुरुजी वसाहतीतील आमची सदनिका १९९४ साली बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन शयनगृहे, एक दिवाणखाना, पश्चिमेला उघडणारी गॅलरी आणि आत राहणारी आम्ही चार माणसे: मी, माझे पती, महाविद्यालयात शिकणारी लेक आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. घर नव्याने सजवायचे, असे ठरवून आम्ही राजारामपुरीतील एका लहान कार्यालयाकडे काम सोपवले. हे कार्यालय एक वास्तुविशारद बाई आणि प्रत्यक्ष कामावर देखरेख करणारे त्यांचे पती असे दोघेच चालवतात. त्यांचे नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना समोर बसून सांगितलेल्या आहेत. घर सजवून घेण्याच्या विचारात असलेल्या कोल्हापूरकरांना या सेवेतून काय मिळते, कोठे अडते आणि आधी काय विचारून घ्यावे, हे कळावे एवढ्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

त्यांच्याआधी आम्ही दुसऱ्या एका मोठ्या संस्थेकडे गेलो होतो. तेथे पाऊण तासात संगणकावर आमच्या दिवाणखान्याचे चकचकीत चित्र तयार झाले. त्यात कृत्रिम छत होते, भिंतीवर संगमरवरासारखी दिसणारी पाटी होती, राखाडी सोफा होता आणि दर चौरस फुटाच्या भावाने सगळ्याचा हिशेब मांडलेला होता. चित्र सुबक होते, परंतु त्यात सासूबाई कोठे बसतील, हे शोधूनही मला सापडले नाही.

राजारामपुरीच्या बाईंनी पहिल्या भेटीसाठी सकाळी सातची वेळ मागून घेतली, तेव्हा मला आश्चर्य वाटले. त्या आल्या, चहा घेतला आणि जवळजवळ दोन तास घर चालताना पाहत बसल्या. वर्तमानपत्र कोण कोठे वाचतो, ओल्या छत्र्या आणि रेनकोट कोठे टाकले जातात, देवपूजेला किती वेळ लागतो, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणारे पाहुणे किती आणि ते कोठे झोपतात, असे त्यांचे प्रश्न होते. रंग कोणता हवा, हे त्यांनी त्या दिवशी विचारलेच नाही. जाताना मात्र एक काम दिले: या घरातून जे काही कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाणार नाही, त्याची यादी चौघांनी वेगवेगळी, एकमेकांना न दाखवता करायची.

मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. चार याद्या समोर ठेवल्यावर आमचे घर कोणत्या स्वभावाचे आहे, हे आम्हालाच पहिल्यांदा दिसले. लेकीने पुस्तके आणि गॅलरीतील कुंड्या लिहिल्या होत्या. पतींनी त्यांच्या वडिलांची लाकडी खुर्ची आणि गावचे घर उतरवताना जपून ठेवलेल्या दोन सागवानी तुळया लिहिल्या होत्या. मी चटणीच्या बरण्या आणि जुनी मोझेक फरशी लिहिली होती. सासूबाईंनी लिहिले नाही, सांगितले. माहेरून आलेल्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून त्यांनी बाईंना विचारले, "काय गं पोरी, ही टाकून द्यायला लावनार न्हाईस न्हवं?" त्यावर बाई म्हणाल्या, "नाही आजी, तिच्यासाठी जागा आधी काढायची, मग बाकीचं." पुढचा सगळा आराखडा खरोखरच त्या क्रमाने झाला.

तुळयांची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. कागल तालुक्यातील आमचे गावचे घर पाडले, तेव्हा कडीपाटातील बहुतेक लाकूड विकले गेले आणि या दोन तुळया दिरांच्या गोठ्यात नऊ वर्षे पडून होत्या. बाईंचे पती स्वतः गावी जाऊन त्या पाहून आले, पटाशीने कोपरा तासून आतले लाकूड निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि मग त्या टिंबर मार्केटमध्ये चिरायला आणल्या. जुन्या लाकडात खिळे रुतून बसलेले असतात आणि एखादा जरी राहिला, तरी करवतीचे पाते जाते. म्हणून चिरण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस खिळे शोधून काढण्यात गेला. सागाच्या अंगातच तेल असल्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि इतक्या वर्षांत पूर्ण सुकलेले असल्यामुळे ते पुढे पिळवटतही नाही. त्या लाकडातून दिवाणखान्यातील खिडकीखाली साडेसहा फूट लांबीचा दिवाण आणि देव्हाऱ्याची बैठक झाली. आम्हाला आधी जमिनीलगतची भारतीय बैठक हवी होती, परंतु बाईंनी सासूबाईंना चार वेगवेगळ्या उंचीच्या आसनांवरून उठायला लावून पाहिले आणि १७ इंच ही उंची ठरवली. त्यावर कापसाची गादी आहे, जी पिंजून पुन्हा भरता येते, आणि खोळी इचलकरंजीच्या जाड सुती कापडाच्या आहेत. जेथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला, ते गाव आपल्यापासून तासाभराच्या आत असताना पडद्यांचे आणि खोळींचे कापड दुसरीकडून मागवण्याची गरज नाही, असे बाईंचे मत होते आणि ते मला पूर्ण पटले.

टिकाऊपणाचा हा आग्रह माझ्या मनात २०१९ च्या महापुरापासून आहे. त्या ऑगस्टमध्ये नणंदेच्या तळमजल्यावरील घरात कंबरभर पाणी होते. पाणी उतरल्यावर प्लायवुडची आणि भुश्याच्या पाटीची कपाटे फुगून उसवली होती, तर सासऱ्यांनी तिला दिलेला सागवानी पाट धुऊन, सावलीत वाळवून आजही वापरात आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर असल्याने पुराची भीती नाही, पण दमट हवेपासून सुटका नाही. म्हणून स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरालगत आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) प्रतीचे प्लायवुड वापरावे आणि कोरड्या खोल्यांत आयएस ३०३ मधील जलरोधक प्रतीचे चालेल, असे राजारामपुरीच्या त्या दोघांनी नमुने दाखवून समजावले. पहिल्या प्रतीची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते, दुसरीची ८ तास. किमतीतला फरक का आहे, हे एवढ्यावरून कळते. फळ्यांवरील शिक्के आम्ही स्वतः मोजून घेतले आणि तसे करा, असे त्यांनीच सुचवले होते.

पश्चिमेकडील शयनगृहाची भिंत हे आमचे जुने दुखणे. दरवर्षी आषाढात तिचा रंग पोपडे धरून पडत असे आणि कपाटाच्या मागे बुरशी येत असे. एका कारागिराने तिच्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकून झाकून टाकण्याचा सल्ला दिला होता. या दोघांनी मात्र बाहेरून शिडी लावून छज्जा तपासला आणि गिलाव्याला गेलेली लांब चीर शोधून काढली. चीर बुजवली, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तेथेच गळून पडावे म्हणून बारीक खाच पाडली आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत आतून रंग लावायला स्पष्ट नकार दिला. कपाट आतल्या भिंतीला गेले आणि तेथेही मागे दोन इंच मोकळी जागा ठेवली. सुंदर दिसण्याच्या आधी भिंत कोरडी असली पाहिजे, एवढी साधी गोष्ट सांगणारे कोणीतरी भेटले, याचे मला फार समाधान वाटले.

स्वयंपाकघराबाबत आमचा थोडा वाद झाला. लेकीला दिवाणखान्याला जोडलेले खुले स्वयंपाकघर हवे होते. ज्या घरात रविवारी तांबडा आणि पांढरा रस्सा होतो, तेथे फोडणीचा धूर पडद्यांत आणि पुस्तकांत जाऊन बसेल, असे बाईंचे म्हणणे होते. शेवटी मधल्या भिंतीत तीन फुटांची सरकत्या काचेची खिडकी काढली. स्वयंपाक करताना सासूबाईंशी बोलता येते आणि फोडणी देताना काच ओढून घेता येते. ओट्याची उंची ३२ इंचांवरून साडेचौतीस केली, कारण माझी उंची पाच फूट चार इंच आहे आणि वाकून माझी पाठ धरत असे. खिडकीशी भाजी निवडण्यासाठी सासूबाईंची बुटकी खुर्ची मावेल, एवढी जागा ओट्याखाली रिकामी सोडली आहे.

या खोलीचा खरा प्रश्न होता तो वर्षाच्या चटणीचा. आमच्याकडे उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळवून, कांदा, लसूण, खोबरे, तीळ, धणे भाजून, सगळे कांडपावर कुटून आणतात आणि वर हिंगाचे खडे ठेवून चिनी मातीच्या बरण्यांत भरतात. तयार कप्प्यांत या बरण्या कधीच मावत नाहीत. बाईंनी बरण्या मोजून घेतल्या, ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीच्या उष्णतेपासून आणि सिंकच्या ओलीपासून दूर, जाळीच्या दाराचा कप्पा काढला. तो करून आला तेव्हा सर्वांत उंच बरणीला अर्धा इंच कमी पडत होता. चूक मोजमापाची होती, सुताराची नव्हती. त्यांनी ती मान्य केली आणि कप्पा पैसे न घेता नव्याने बसवून दिला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. मोझेक फरशी उखडली नाही, घासून पॉलिश करून घेतली. वरून नवी फरशी बसवली असती, तर प्रत्येक दाराचे पान खालून कापावे लागले असते. कृत्रिम छत केले नाही. दिवाणखान्यातील पांढरेफटक दिवे काढून ३००० केल्व्हिनचे उबदार दिवे भिंतींवर लावले, ओट्यावर मात्र ४००० केल्व्हिनचे ठेवले, कारण तांदळातला खडा दिसायला हवा. दाराशी चपलांसाठी बंद कपाटाऐवजी पट्ट्यांची उघडी मांडणी आहे. कोल्हापुरी चपलांचे चामडे पावसाळ्यात कोंडले की लगेच बुरशी धरते, हे ज्यांच्या घरी त्या चपला आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

भिंतीवरील चित्रांच्या बाबतीत त्यांनी आम्हाला प्रथम राजारामपुरीतीलच चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय पाहून यायला सांगितले. अभिनेते आणि चित्रकार असलेल्या मांडरे यांची निसर्गचित्रे तेथे आहेत आणि राहत्या घराएवढ्या खोल्यांत चित्र किती उंचीवर लावले की बसल्या जागेवरून नीट दिसते, हे तेथे डोळ्यांनी समजते. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात छापील, अनोळखी चित्रे आणून टांगण्यापेक्षा एकच अस्सल चित्र घ्यावे, असे आम्ही घरी परतताना ठरवले. सध्या दिवाणावर एका विद्यार्थी चित्रकाराने काढलेले रंकाळ्याचे जलरंगातील चित्र आहे आणि दुसरी भिंत रिकामी आहे. ती रिकामीच बरी दिसते.

आता तक्रारी. काम ७५ दिवसांत पूर्ण करण्याचे लेखी ठरले होते, प्रत्यक्षात ११८ दिवस लागले. एप्रिलच्या मध्याला सुरुवात केली, तर पॉलिशचे काम जून-जुलैमध्ये येणार, हे उघड होते. दमट हवेत पॉलिशवर दुधाळ झाक येते आणि तशी ती दोन दारांवर आलीच. ती खरवडून पुन्हा करण्यासाठी उघडिपीची वाट पाहावी लागली. पावसाचा अंदाज आम्हा गिऱ्हाइकांना नसला तरी चालेल, पण कोल्हापुरात व्यवसाय करणाऱ्यांनी तो धरायलाच हवा होता. याच काळात त्यांचे दुसरे काम सुरू झाले आणि सुमारे तीन आठवडे फोनला वेळेवर उत्तर मिळेना. सासूबाई तेव्हा नणंदेकडे राहत होत्या आणि रोज घरी कधी जायचे, ते विचारत होत्या. त्या आठवड्यांतील मनस्ताप मी विसरलेले नाही. विजेचे ११ वाढीव पॉइंट अंदाजपत्रकात नव्हते आणि त्यांचे बिल शेवटी आले. चर्चेनंतर त्यातील निम्मी रक्कम त्यांनी सोडली, परंतु मुळात तो प्रसंग यायला नको होता. माळ्याची दारे इतकी जड झाली आहेत की मला एकटीला ती उघडता येत नाहीत. ती बदलून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

खर्चाबद्दल बोलायचे, तर त्यांचे शुल्क ठरावीक रकमेत होते, कामाच्या टक्केवारीत नव्हते, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. टक्केवारी नसल्यामुळे जुन्या वस्तू ठेवण्याच्या सल्ल्यात त्यांचा स्वतःचा तोटा नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दिवाण, फरशी आणि छत या तीन ठिकाणी वाचलेले पैसे आम्ही चांगल्या प्लायवुडकडे आणि स्वयंपाकघराच्या बिजागऱ्यांकडे वळवले. ज्यांना ४५ दिवसांत किल्ली हातात हवी आहे किंवा चित्रात पाहिले तसेच घर हवे आहे, त्यांनी या कार्यालयाकडे जाऊ नये. दोन्ही बाजूंना त्रास होईल. ज्यांच्याकडे जुने घरगुती सामान आहे, वडीलधारी माणसे आहेत आणि थोडा धीर आहे, त्यांनी जरूर जावे. मात्र काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे, विजेचे पॉइंट खोलीवार मोजून लिहून घ्यावेत आणि दर शनिवारी प्रत्यक्ष कामावर भेटण्याची अट करारात घालावी.

काम होऊन आता एक पूर्ण पावसाळा गेला आहे. पश्चिमेच्या भिंतीवर मी आषाढभर दर दोन-तीन दिवसांनी हात फिरवून पाहत होते; ती कोरडी राहिली. सासूबाईंची पेटी दिवाणाच्या उशाशी आहे, दुपारी त्या तिच्यावर चष्मा काढून ठेवतात आणि सरकत्या काचेतून मला हाक मारतात.