गौताळा : लेकरांसाठी रानातली शाळा

तिसरी-चौथीतली लेकरं असतील तर गौताळ्याला नक्की घेऊन जा, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातल्या कन्नड गावापासून जवळच आहे, 1986 पासूनचं अभयारण्य. सागाचं कोवळं पान हातावर चोळलं की लाल रंग निघतो, हे पुस्तकात वाचून तेवढं कळत नाही पण इथं लेकरं गुंग होऊन तेच करत बसतात, मग पळसाची तीन-तीन पानं मोजतात, वारुळापाशी उकिडवी बसतात अन् प्रश्न तर इतके की मास्तर दमावा. वर्गात तोंड न उघडणारी पोरगी इथं सगळ्यांच्या पुढं चालत होती, मला हेच लई भारी वाटलं. जुलै-ऑगस्टात जा, उन्हाळ्यात रान पार वाळतं. पाणी, टोपी घरूनच न्या. बिबट्याचं जंगल आहे, म्हणून वनविभागाच्या माणसांना विचारूनच आत शिरा.