बायोमेडिकलच्या पहिल्या दोन वर्षांत मानधनाचं संशोधन: कॉलेजातच की बाहेरगावी?

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडून बायोमेडिकल इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांना पहिल्या दोन वर्षांत मानधनासह संशोधन करायचं असेल, तर खरे पर्याय दोनच. एक, आपल्याच कॉलेजातल्या सरांच्या किंवा मॅडमच्या अनुदानित प्रकल्पात सत्रभर काम. दुसरा, तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपवर दोन महिने बाहेर.

बाकीच्या मोठ्या नावांची दारं अजून बंद असतात. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक ही संशोधन इंटर्नशिप पदवीची शेवटची एक ते तीन सत्रं उरलेल्यांसाठी आहे, आयआयटी मद्रासची उन्हाळी फेलोशिप तिसऱ्या वर्षापासून. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पकालीन स्टुडंटशिप वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखेच्या मुलांची. इंजिनिअरिंगवाल्यांनी तिथे वेळ घालवू नये. आणि जिथे ‘इंटर्नशिप’साठी उलट आपल्यालाच फी मागतात, तिथे प्रमाणपत्र मिळतं, गाईडचा वेळ मिळेलच असं नाही.

अकादम्यांची फेलोशिप बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन अकादम्या मिळून देतात. अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर असते. पहिल्या वर्षाची अडचण इथेच: तोवर पहिल्या सत्राचा निकालही हातात नसतो आणि शिफारसपत्र देणारे सर मुलाला जेमतेम ओळखत असतात. म्हणून हा दुसऱ्या वर्षाचा अर्ज समजावा, आणि त्या वर्षीच्या जाहिरातीत वर्षाची आणि गुणांची अट वाचूनच भरावा. काय करायचंय आणि का, हे सुमारे अडीचशे शब्दांत लिहायचं असतं. ‘मला संशोधनाची आवड आहे’ या वाक्याने अर्ज पडतो. ‘ईसीजीतली बेसलाइन (आलेखाची पायारेषा) श्वासाबरोबर का हलते आणि ते हलणं फिल्टरने काढताना एसटी भाग (ठोक्याच्या टोकदार शिखरानंतरचा सपाट भाग) का बिघडतो’, असा एक नेमका प्रश्न मांडला तर गाईड थांबून वाचतो.

पैशांचं गणित मांडून बघा. या फेलोशिपची रक्कम काही वर्षे महिना १२,५०० रुपये होती, शिवाय रेल्वेचं जाण्यायेण्याचं भाडं. दोन महिन्यांचे २५,०००. समजा बंगळुरूत खोली आणि मेस मिळून महिना १०,००० गेले, तर हातात ५,००० उरतात. कॉलेजात समजा महिना २,००० मिळाले आणि काम चार महिने चाललं, तर ८,०००, आणि राहण्या-जेवण्याचा वेगळा खर्च नाही. म्हणजे आकडा लहान असूनही उरतात जास्त. मानधन बहुतेक वेळा उशिरा येतं. बाहेर जाताना पहिल्या महिन्याचे पैसे घरून न्यावेच लागतात.

तासांचं पारडं मात्र उलट झुकतं. आठ आठवडे रोज आठ तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर ३२० तास. कॉलेजात आठवड्याला दोनदा तीन-तीन तास, सोळा आठवडे: ९६. पण नव्या मुलाला तासांपेक्षा चूक लगेच दाखवणारं माणूस जास्त लागतं, आणि ते कॉलेजात भेटण्याची शक्यता अधिक. मोठ्या प्रयोगशाळेत गाईड आठवड्यातून एकदा दिसतो, रोजचं शिकवणं पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे. तेव्हा होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा: रोज कोणाच्या हाताखाली काम, मानधन प्रकल्पाच्या कोणत्या खात्यातून, आणि डेटा आधीच गोळा झालाय का.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माणसांवर नवं मोजमाप करायचं तर संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते, आणि आठ आठवड्यांत अनेकदा ती बैठकच होत नाही. मुलगा बसून राहतो. डेटा तयार असलेला किंवा टेबलावर सर्किट तपासण्याचा प्रकल्प निवडावा.

पहिल्या वर्षी करण्यासारखं एक काम सांगतो. फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळावरचा एमआयटी-बीआयएच ॲरिदमिया (हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा) संच मोफत आहे: ईसीजीच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, सेकंदाला ३६० नमुने. पायथॉनमध्ये त्यातली एक नोंद फिल्टर करून आर-शिखरं (प्रत्येक ठोक्याची उंच टोकं) शोधा. आपल्याकडच्या सवयीने ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (एकच वारंवारता काढणारा) लावला तर विजेची गुणगुण, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळलेला गोंगाट, तशीच राहते, कारण नोंदी अमेरिकेतल्या, तिथली वीज ६० हर्ट्झची. उलट एडी८२३२ या ईसीजी मोजणाऱ्या छोट्या मॉड्यूलवर इथे घेतलेल्या सिग्नलमध्ये ५० हर्ट्झच दिसेल. कोकणातल्या दमट हवेत घामाने इलेक्ट्रोड सुटतो आणि रेघ वरखाली पळते. त्वचा पुसून, कोरडी करून नवा इलेक्ट्रोड लावा. अंगाला तारा जोडलेल्या असताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवा: गुणगुण कमी होते, आणि सदोष चार्जरमधून शॉकचा धोका राहत नाही.

आमचा कौल: पहिल्या वर्षी कॉलेजातलं काम, मानधन थोडं असलं तरी. त्याच सरांच्या शिफारसपत्रावर दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात अकादमीचा अर्ज. परीक्षा लांबून जूनमध्ये गेली तर रुजू होण्याची तारीख बदलून मिळेल का, हे गाईडला आधीच लिहून विचारा. निवडीचं पत्र आलं की लगेच तिकीट बघा: आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या गर्दीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं कठीण असतं. परतीला पावसाळी वेळापत्रक लागू झालेलं असेल, तेव्हा गाडीची वेळ नव्याने तपासा. दोन्ही तिकिटं जपून ठेवा. भाडं त्यांच्यावरच परत मिळतं.