स्वस्त फोनची चिप भरवशाची, साठवण तोकडी

गेल्या खरिपापासून आमच्या घरी एका नामवंत कंपनीचा सर्वांत स्वस्त स्मार्टफोन वापरात आहे. आठ कोअरची (गणना करणाऱ्या आठ भागांची) चिप, २ जीबी रॅम, ३२ जीबी अंतर्गत साठवण आणि ५००० एमएएच बॅटरी असे त्याचे स्वरूप आहे. यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या बाजारात फोन दाखवताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आवर्जून सांगितले जातात, मात्र आत साठवणीसाठी कोणत्या प्रकारची मेमरी बसवली आहे हे कोणी सांगत नाही; आणि हा फोन किती वर्षे कामाचा राहील, हे माझ्या मते तिच्यावरच ठरणार आहे.

चिपबद्दल माझी तक्रार नाही. तिचे आठही कोअर आर्म कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या कॉर्टेक्स-ए५५ या रचनेचे आहेत. ही साधी रचना प्रोग्रॅममधील सूचना ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने हाती घेते, त्यामुळे वेगवान कोअरमध्ये असणारी आणि वीज खाणारी जादा यंत्रणा तिला लागत नाही. शिवाय काम कमी असताना चिप आपली गती आणि व्होल्टेज दोन्ही उतरवते. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलत असल्याने थोड्या उतरणीतही मोठी बचत होते. वादळात गावाची वीज रात्रभर गेली तरी दुसऱ्या दिवशी बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि यूपीआयचे व्यवहार या फोनवर निर्वेध होतात, ही आमच्याकडे फार मोठी सोय आहे.

अडचण साठवणीची आहे. ३२ जीबीपैकी मोठा हिस्सा अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरलेली ॲप व्यापतात, आणि उरलेली जागा गावातील व्हॉट्सॲप गटांवर येणारे व्हिडिओ पाहता पाहता भरून टाकतात. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या चमूने १९८७ मध्ये मांडलेल्या नँड फ्लॅशचा, म्हणजे फोनच्या साठवणीत वापरल्या जाणाऱ्या मेमरीचा, स्वभावच असा आहे की, लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी संपूर्ण ब्लॉक, म्हणजे मेमरीतील जागेचा एक मोठा गट, पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक संपत आले की कामाची माहिती दुसरीकडे हलवून जुने ब्लॉक पुसण्याचे काम मेमरीला ऐन वापराच्या वेळी करावे लागते. त्यातच या फोनमधील ईएमएमसी प्रकारची मेमरी एका वेळी वाचन किंवा लेखन यांपैकी एकच करू शकते, तर महाग फोनमधील यूएफएस मेमरी दोन्ही एकाच वेळी करते. परिणामी ई-पीक पाहणीसाठी भर उन्हात वावरात उभे राहून कपाशीचे छायाचित्र घ्यावे, तर ते जतन होईपर्यंत पडदा थिजलेला असतो. ब्लॉक पुसण्याच्या फेऱ्याही मर्यादित असतात, त्यामुळे सतत भरलेली मेमरी लवकर झिजते. आणि ती मुख्य पाटीवर पक्की जोडलेली असल्याने बदलणे परवडत नाही.

मेमरी कार्डाची सोय आहे, तिचा उपयोग छायाचित्रे आणि व्हिडिओंसाठी अवश्य करावा. ॲप मात्र आतच राहतात, म्हणून कार्ड हा अर्धाच उपाय ठरतो. फोनवर केवळ बोलणे आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्या वडीलधाऱ्यांना ३२ जीबी पुरतील. सातबारा, पीकविमा आणि मुलांचा अभ्यास एकाच फोनवर चालवणाऱ्या घराने याच फोनचा ६४ जीबीचा प्रकार घ्यावा आणि त्यातील निदान १० जीबी जागा कायम मोकळी ठेवावी.