लग्नसराई की शाळांचे आयकार्ड? नोकरी सोडून डॉक्युमेंटरी फोटोग्राफीत येणाऱ्यांसाठी

डॉक्युमेंटरी फोटोग्राफीवर पहिली काही वर्षं घर चालत नाही. फेलोशिप मिळते तेव्हा मिळते. म्हणून मराठवाड्यात बरेच जण जोडीला लग्नाच्या ऑर्डरी धरतात. मीही धरल्या होत्या. आता शाळांचे आयकार्ड फोटो करतो.

पैशात लग्न कितीतरी पुढे. अल्बमचं सिलेक्शन होईपर्यंत बाकी अडकते खरी, पण शाळांचे पैसे तरी कुठे वेळेवर येतात? हातही लग्नात जास्त तयार होतो. अपुरा उजेड, गर्दी, आणि अक्षता पडल्या की पडल्या, पुन्हा पाडता येत नाहीत. आयकार्डात तसं काही नाही. मागे पडदा, मान सरळ, चल पुढचा.

तरी लग्नं सोडली ती तारखांपायी. माझा विषय ऊसतोड. बीडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. नेमकं तुळशीचं लग्न लागलं की तिथी सुरू होतात, त्या थेट पाऊस येईपर्यंत. टँकरचे दिवसही त्यातच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तीही ऐन लग्नसराईत. लग्नाची तारीख सहा महिने आधी ठरते. मुकादमाचा, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराचा, फोन संध्याकाळी येतो आणि रात्री ट्रक भरतो. ज्या घरी मी त्यांनी उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, घेतल्यापासून जात होतो, ते घर निघालं तेव्हा मी कुणाच्या तरी हळदीत होतो. आधी पत्र्याची पेटी चढते, मग बाजरीचं पोतं, कोयते, सरपण. सगळ्यात शेवटी शेळी आणि तिचं दावं धरून बसलेली पोरगी. हे बघायला मला पुढचा हंगाम उजाडावा लागला.

आयकार्डाचं काम जूनच्या मध्यात शाळा उघडल्या की सुरू होतं आणि साधारण गणपतीपर्यंत उरकतं. पुढचे महिने आपले. शिवाय पावसाळ्यात मजूर गावीच असतात. कुठली मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर जाणार आणि कुठली हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच केलेल्या जेवणाच्या सोयीच्या, आधारानं आजीपाशी राहणार, हे गुरुजींना ठाऊक असतं. त्यांनी ओळख करून दिली की घराचं दार लवकर उघडतं. गेल्या हंगामाचे प्रिंटही तेव्हाच हातात देता येतात.

तुमचा विषय वेगळा असेल, समजा हिमरू विणकर किंवा पैठणीचे माग, तर तारखांचा हा जाच कदाचित होणार नाही. मग लग्नं घ्यावीत. घराचा हप्ता मोठा असेल तर नोकरी सोडायचीही घाई नको. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम वृत्तपत्रात फोटोग्राफर असतानाच केलं. पण विषय शेतीचा, पाण्याचा किंवा स्थलांतराचा असेल, तर माझं मत आयकार्डाला. मे महिन्यातच दोन-चार मुख्याध्यापकांना भेटून ठेवा, जूनमध्ये फार उशीर होतो.